रास घरात आली, आता ती आपली की किड्यांची?



फाल्गुन-चैत्रात आपल्या सोलापूर भागात ज्वारीची रास होते. त्याआधी तूर, मागोमाग हरभरा आणि गहू. खळ्यावरून माल घरात आला की वर्षाची काळजी मिटली असं आपण समजतो. आम्ही कृषी खात्याची माणसंही तसंच समजतो. बियाणं कोणतं घ्यावं, पेरा कधी करावा, फवारणी कशाची घ्यावी, हे सगळं आम्ही बांधावर येऊन सांगतो. पण पोत्याचं तोंड शिवलं की आमचं बोलणं संपतं. पुढचे दहा-बारा महिने ते धान्य घरातल्या मायमाऊलीच्या हवाली असतं आणि तिला मात्र कुणी काही सांगत नाही. चूक आमची आहे, आणि ती कबूल करूनच आज हा विषय घेतो आहे.

गेल्या पावसाळ्यात एका गावी बैठकीला गेलो होतो. बैठक खरिपाची होती. ती संपल्यावर एक आजी सुपात ज्वारी घेऊन आल्या. ज्वारी कसली, निम्मं पीठच होतं. दाणा उचलला तर आत पोकळ. आजी म्हणाल्या, "साहेब, सुगीला मोत्यावानी माल होता. कुणाची नजर लागली?" नजर कुणाची लागली नव्हती. किडा शेतातूनच किंवा जुन्या पोत्यातून दाण्यासोबत घरात आला होता, आणि तो आत आहे हे कुणाला दिसलंच नव्हतं.

गोदामं मोठी, घरं विसरली

धान्य साठवणुकीवर सध्या बरंच बोललं जातं. सहकार क्षेत्रात जगातली सर्वांत मोठी धान्य साठवण योजना राबवायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ मे २०२३ रोजी मंजुरी दिली. पाच वर्षांत ७०० लाख टन साठवणक्षमता उभी करायचं उद्दिष्ट ठरलं. २४ फेब्रुवारी २०२४ ला ११ राज्यांतल्या ११ विकास सोसायट्यांमध्ये प्रायोगिक गोदामांचं उद्‌घाटन झालं. आपल्या राज्यातून अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईच्या सोसायटीचा त्यात समावेश होता. गावातली सोसायटी नुसती कर्ज वाटणारी न राहता धान्यही सांभाळणारी व्हावी, हा विचार चांगलाच आहे.

पण गोदाम हे विक्रीच्या मालासाठी. घरी खायला ठेवलेली आठ-दहा पोती ज्वारी, बियाण्याचा हरभरा, भावाची वाट बघत ठेवलेली चार पोती तूर, हे काही सोसायटीच्या गोदामात जात नाही. ते घरातच राहतं, पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, नाहीतर देवघराच्या शेजारी. त्यासाठी योजना कुठली? एके काळी सरकारची धान्य वाचवा मोहीम होती. पत्र्याच्या कोठ्या गावोगाव आल्या त्या त्याच सुमाराला. आज त्या कोठ्यांपैकी निम्म्यांची झाकणं हरवलेली आहेत.

नुकसान किती होतं? भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियानाच्या संस्थेने २०१५ च्या अहवालात काढणीपासून साठवणुकीपर्यंतचं मिळून नुकसान मांडलं. तृणधान्यांत ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांत ६.३६ ते ८.४१ टक्के. ही झाली देशाची सरासरी. सरासरीत चांगलं सांभाळलेलं घरही येतं आणि आजींच्या सुपातली ज्वारीही येते.

हिशेब घरचाच करू. पाच माणसांच्या घराला वर्षाला आठ क्विंटल ज्वारी लागते असं धरा. म्हणजे महिन्याला साधारण ६७ किलो. त्यातली दहा टक्के किड्यांनी खाल्ली तर ८० किलो गेली. महिनाभराच्या भाकरी गेल्या, आणि वर पाच-सहा दिवसांच्या. उरलेल्या दाण्याचंही गर्भ आणि सत्त्व किड्याने आधी खाल्लेलं असतं, ते वेगळंच.

किडा येतो कुठून?

कुणी टोके म्हणतं, कुणी सोंडे, कुणी पोरकिडे. नावं गावागणिक बदलतात, पण जाती मोजक्याच आहेत.

पहिला सोंडकिडा. ज्वारी, गहू, मका, तांदूळ यांचा हा मोठा वैरी. याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट पदार्थाने भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष होते आणि साधारण महिन्याभराने किडा बाहेर पडतो. म्हणून पोतं भरताना ज्वारी स्वच्छ दिसली तरी ती बिनकिडीची असेलच असं नाही.

दुसरा कडधान्यावरचा भुंगा. तूर, मूग, चवळी, हरभरा यांवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात ना, ती त्याची अंडी. हा भुंगा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालायला सुरुवात करतो. म्हणजे आपण त्याला बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरमधून घरी आणतो. एक मादी ८०-१०० अंडी घालते. सगळी जगत नाहीत. समजा एका जोडीमागे दहाच जोड्या वाचल्या. पिढी साधारण महिन्याची. मार्चअखेर पोत्यात एक जोडी गेली तर एप्रिलअखेर दहा, मेअखेर शंभर, जूनअखेर हजार आणि जुलैअखेर दहा हजार जोड्या. आखाडात पोतं उघडल्यावर "काल तर चांगली होती" असं आपण म्हणतो, त्याचं कारण हे गणित.

तिसरा खपरा. त्याची केसाळ अळी भिंतीच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत न खाता-पिता महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षं दबा धरून राहते. जुन्या खोलीत नवं धान्य ठेवलं की बाहेर येते. इतर किडे फार सुक्या धान्यात वाढत नाहीत, खपऱ्याला मात्र सुकं धान्यही चालतं. चौथा पिठातला तांबडा भुंगेरा. तो फुटक्या दाण्यावर आणि पिठावर जगतो. मळणीयंत्रात दाणा जास्त फुटला की याचं फावतं.

थोडक्यात, किडा येण्याच्या वाटा तीन: शेतातून, जुन्या पोत्यातून आणि खोलीच्या फटीतून. तिन्ही बंद करणं आपल्या हातात आहे.

पेवाचं शहाणपण

आपल्या आजा-पणजाकडं औषधं नव्हती. तरी दुष्काळाला पुरेल एवढी ज्वारी ते पेवात वर्षानुवर्षं ठेवायचे. वरून तोंड लहान, आत पोट मोठं, भिंतीला काडाचा थर, तोंडावर दगड आणि चिखलमातीचा लेप. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. २००५ च्या महापुरात त्यातल्या बऱ्याच पेवांचं नुकसान झालं.

पेवात किडा का मरायचा? धान्यही श्वास घेतं आणि किडाही. तोंड बंद झालं की आतला प्राणवायू दोघं मिळून संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडा गुदमरतो. हाच वायू पेव उघडताना माणसाचाही जीव घेतो. म्हणून जुनी माणसं पेव उघडून दिवसभर मोकळं ठेवायची आणि मग कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर उतरायचं नाही. कुठं अजून पेव असेल तर एक लक्षात ठेवा. कंदील तेवत राहिला तरी कंबरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसं उभी असल्याशिवाय आत उतरू नका.

आज बाजारात तीन पदरी हवाबंद पिशव्या मिळतात. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. हे म्हणजे छोटं पेवच. धान्य खडखडीत वाळवून पिशवी काठोकाठ भरायची, आतली हवा दाबून काढायची, एकेका पिशवीचं तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधायचं. दोन-तीन आठवड्यांत आतले किडे थंड पडतात. औषध लागत नाही, वास नाही, लेकरांना धोका नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पिंप असेल तर तोही चालतो, मात्र खाण्याच्या वस्तूचा हवा. रसायनाचा रिकामा पिंप कितीही धुतला तरी वापरू नका.

यात दोन पथ्यं. ओलं धान्य हवाबंद केलं तर किडा मरेल, पण बुरशी येईल. आणि रोज उघडझाप केली तर हवा पुन्हा आत जाईल. म्हणून महिन्याच्या खर्चाचं धान्य वेगळ्या डब्यात काढून घ्या आणि बाकीच्याला हात लावू नका. उंदरांपासूनही जपा. एक भोक पडलं की पिशवी कामातून गेली.

गोळीचा धोका

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या भागातल्या एका वस्तीवर पहाटे एका घरातली दोन्ही लेकरं उलट्या करू लागली. घरच्यांना वाटलं शिळं खाण्यात आलं. शेजारी जाणता होता. त्याने घरात शिरताच लसणासारखा वास ओळखला आणि सगळ्यांना अंगणात काढलं. गव्हाच्या पोत्यात आदल्या दिवशी "पावडरच्या गोळ्या" टाकल्या होत्या आणि त्याच खोलीत पोरं झोपली होती. थंडी म्हणून दार-खिडक्या बंद. नशीब बलवत्तर, लगेच दवाखान्यात नेलं आणि पोरं वाचली. त्या गोळ्या तालुक्याच्या बाजारातून सुट्या, कागदात बांधून आणलेल्या होत्या. विकणाऱ्याने एक शब्द सांगितला नव्हता, घेणाऱ्याने विचारला नव्हता.

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. म्हणूनच कायद्याने या औषधाच्या वापरावर निर्बंध आहेत. सरकारी यंत्रणा, सरकारी उपक्रम आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनाच ते द्यायचं आणि जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायचं. गोदामात थप्पीवर हवाबंद ताडपत्री टाकून, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, फलक लावून धुरी देतात. आपल्या घरात यातलं काय होतं? पोत्यात गोळी, पोतं खोलीत आणि खोलीत माणसं.

दुसरंही सांगायला हवं. अर्धवट बंद पोत्यात गोळी टाकली की वायू निसटतो, सगळे किडे मरत नाहीत, आणि उरलेल्यांची पुढची पिढी त्या वायूला पचवू लागते. तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा यांच्यात फॉस्फिनला दाद न देणारे किडे आपल्या देशात सापडलेले आहेत. म्हणजे धोका आपला आणि फायदा किड्याचा.

याच जातीची आणखी काही औषधं घरात पडून असतात. डायक्लोरोव्हॉसवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. बीएचसी पावडर तर १९९७ पासून बंद आहे. तरी "जुना डबा आहे, टाका थोडी" असं होतंच. पाऱ्याच्या गोळ्याही बाजारात धान्यात टाकायला मिळतात. पारा विष आहे, खाण्याच्या धान्यात त्याचं काम नाही. डाळीला बोरिक पावडर चोळणंही तसंच.

घरात गोळी असेल तर तिला हात लावून विल्हेवाट लावत बसू नका. पाणी तर अजिबात लागू देऊ नका. कुलपात ठेवा आणि गावच्या कृषी कर्मचाऱ्याला सांगा. गोळी टाकलेल्या घरात कुणाला मळमळ, उलटी, छातीत दडपण, दम लागणं असं काही झालं तर आधी सगळे उघड्यावर या आणि थेट मोठा दवाखाना गाठा. घरगुती उपायात वेळ घालवू नका. आणि डॉक्टरांना "गोळी" हा शब्द आठवणीने सांगा.

मग करायचं काय?

पहिलं काम वाळवण. आपल्याकडं मार्च ते मे ऊन फुकट आहे आणि भरपूर आहे. ज्वारी-गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला पाहिजे, १० पर्यंत गेला तर उत्तमच. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन तुटला पाहिजे, दबता कामा नये. आणखी एक सोपी चाचणी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ चार चमचे घ्या, त्यात मूठ-दोन मुठी धान्य टाका, झाकण लावून हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे. वाळवलेलं धान्य उन्हातून उचलून गरमागरम पोत्यात भरू नका. सावलीत निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो.

दुसरं, चाळणी. फुटके दाणे, काडीकचरा, माती काढून टाका.

तिसरं, जुनी पोती. उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात उलटी करून वाळवा. गेल्या वर्षीचं उरलेलं धान्य नव्यात कधीही मिसळू नका. ही चूक सर्वांत जास्त घरांत होते.

चौथं, खोली. फटी मातीने नाहीतर सिमेंटने बुजवा, चुना मारा, कोपरे झाडून कचरा जाळा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हात-दीड हात लांब. ओल भिंतीतून येते आणि उंदीर भिंतीकडून येतो.

पाचवं, कडधान्य. किलोला ५ ते ७ मिलिलिटर खाण्याचं तेल चोळा, म्हणजे क्विंटलला अर्धा ते पाऊण लिटर. आपल्या आया-बायका तुरीला, हरभऱ्याला एरंडेल चोळायच्या ते यासाठीच. तेलामुळं अंडं चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं. शक्य असेल तर खाण्यापुरत्या तुरीची लवकर डाळ करून घ्या. भुंग्याला अख्खा दाणा लागतो, डाळीत तो फारसा वाढत नाही. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थरावर थर घालता येतो, पण तो मदतीला आहे. ओल्या धान्याला नुसता पाला वाचवणार नाही. आणि हिरवा पाला घातला तर ओलावा आपणच घातला.

सहावं, नजर. पावसाळा सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी पोत्यात हात घाला. धान्य गरम लागलं, तळाशी पीठ दिसलं, तर त्याच दिवशी बाहेर काढा. उघडीप मिळताच काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाका आणि कडा दाबा. कडक उन्हात आतली उष्णता किड्याला सोसत नाही. बियाण्याचं धान्य मात्र असं भाजू नका, उगवण बिघडू शकते. बियाणं सुरुवातीपासून वेगळं ठेवा, आणि औषध लावलेलं बियाणं खाण्याच्या धान्याजवळही नको.

थांबायची ताकद

हे सगळं ज्वारीच्या भाकरीपुरतं नाही, ते भावाशीही बांधलेलं आहे. सुगीला सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. "थांबा की चार महिने" असं शहाणी माणसं सांगतात. पण ज्याची तूर चार महिन्यांत भुंगणार आहे त्याने थांबायचं कसं? व्यापाऱ्यालाही हे माहीत असतं. हमीभावाच्या खरेदीतही तुरीला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे आणि किडक्या दाण्याचं प्रमाण बघितलं जातं. नीट न ठेवलेला माल तिथूनही परत येतो.

थांबलं की फायदाच, असं मात्र नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली. ज्यांनी ठेवली त्यांचं भलं झालं. पण २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर आली तेव्हा ७,५५० रुपये हमीभाव असताना राज्यातल्या अनेक बाजारांत त्याहून खाली सौदे झाले. मधल्या काळात तुरीची आयात शुल्काविना चालू होती. पिवळा वाटाणाही डिसेंबर २०२३ पासून शुल्काविना येत होता. सरकारने २१ जून २०२४ ला तूर आणि हरभऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घातली. ती व्यापारी, मिलवाले आणि आयातदारांसाठी होती, शेतकऱ्यासाठी नव्हती. पण तिचा धाक बाजाराला बसतो आणि भाव आपला पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये जाहीर झाला. माल ठेवायचा तर हा आकडा, आयातीच्या बातम्या आणि घरची नड, तिन्ही बघूनच ठरवा. सगळा माल एकदम विकू नका आणि सगळा अडवूनही ठेवू नका.

नड असेल तर दुसरी वाट आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन, हरभरा असा माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळतं. वखार महामंडळाच्या नोंदणीकृत गोदामाची पावतीही बँकेत तारण ठेवता येते. तिथं माल तपासून घेतात, वजन होतं, विमा असतो आणि धुरी जाणकाराच्या हातून होते. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का हे सुगीच्या आधीच जाऊन विचारा. चालू नसेल तर संचालकांना विचारा, का नाही? मतं मागायला ते आपल्याच दारात येतात.

माझ्या खात्याकडंही एक मागणी आहे. गावोगाव पीक प्रात्यक्षिकं होतात, तसं प्रत्येक गावात मार्च महिन्यात एक दिवस साठवणुकीचं प्रात्यक्षिक व्हावं. तेही दुपारी, बायामाणसांच्या सवडीने, कुणाच्या तरी घरातच. गोदामांसाठी कोट्यवधी खर्च होत आहेत. त्यातला थोडा पैसा हवाबंद पिशव्या आणि कोठ्यांच्या अनुदानाकडं वळला तर लाखो घरांतलं धान्य वाचेल.

तोवर या सुगीला एवढं तरी करा. रास घरात आणण्याआधी खोली झाडा, पोती उकळा, मिठाची बाटली हलवून बघा. आणि ज्या खोलीत लेकरं झोपतात तिथं गोळी टाकू नका. मालकिणीला हा लेख वाचून दाखवा. किंवा तिलाच वाचायला द्या, कारण धान्य तीच सांभाळते.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)